सलग दोन दिवस

विमान चालवणारा हा माणूस रेवसच्या लाँचमध्ये बसला की बाकाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरायचा. भाऊच्या धक्क्यावरून लाँच सुटेपर्यंत तांडेलाला तीनदा विचारायचा, "वारा कसा आहे?" तांडेल म्हणायचा, "कप्तानसायेब, तुमचा इमान पडंल, पन माजी लाँच न्हाय बुडाची!" सगळी लाँच हसायची. आमचे कॅप्टनभाऊही हसायचे, पण हात काही सोडायचे नाहीत.

आम्ही दोघंही चौलचे. भाऊ माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. देश स्वतंत्र झाल्यावर लवकरच ते मुंबईच्या एका छोट्या विमान कंपनीत लागले, आणि पुढे त्यांनीच साहेबांपाशी शब्द टाकून मला तिथे चिकटवलं. "आमच्या आळीतला आहे, अक्षर चांगलं आहे," एवढीच माझी लायकी त्यांनी सांगितली; त्याहून जास्त नव्हतीही. वैमानिकांच्या ड्यूटीचा तक्ता लिहायचं काम माझ्याकडे आलं. कोण कधी उडणार आणि कोणाला कधी सुट्टी, हे माझ्या टाकावर ठरू लागलं.

भाऊंचं डाकोटा विमान बेळगावला जायचं ते किनाऱ्याकिनाऱ्याने. रेवदंड्याचा किल्ला मागे पडायच्या आधी ते खाली पाहून घ्यायचे. मग माझ्या टेबलाशी येऊन सांगायचे, "आज तुझ्या वहिनीने अंगणात सुपारी वाळत घातलीय. विहिरीकडचा माड जरा जास्तच कललाय रे." वाडी वाऱ्यावर टाकून वहिनी मुंबईच्या दीड खोलीत राहायला तयार नव्हत्या. एकदा भाऊ म्हणाले, "घर दिसतं रोज, फक्त उतरता येत नाही." मी हसलो होतो.

त्यांचं मागणं एकच होतं, सलग दोन दिवस सुट्टी. आमचा तक्ता चाले घड्याळावर आणि लाँच चाले भरतीवर. ओहोटी असली की रेवसच्या खाडीत चिखलापलीकडे काही नसे. एका दिवसाच्या सुट्टीत घरी पोचलं तर परत ड्यूटीवर यायचा भरवसा नाही. "अर्जबिर्ज करत नाही मी," भाऊ म्हणायचे. "तक्ता तुझ्याकडे आहे, जमेल तेव्हा बघ." मी म्हणायचो, "बघतो, भाऊ."

बघत मुळीच नव्हतो. गाववाल्याला सांभाळतो असं कोणी म्हणू नये, या भीतीने मी त्यांच्या सुट्ट्या मुद्दाम तोडून लिहायचो. एक सोमवारी, तर दुसरी गुरुवारी. इतरांना दोन दिवस सहज जोडून मिळत. माझी सचोटी मी एकट्या भाऊंच्या जिवावर मिरवत होतो.

मग बातमी आली की आफ्रिकेतली एक कंपनी भाऊंना बोलावतेय; पगार बरा आणि बिऱ्हाडासकट राहायला घर. साहेब हवालदिल झाले. इतका मुरलेला वैमानिक त्यांना गमवायचा नव्हता. त्यांनी मला आत बोलावलं. "तू त्यांच्या गावचा. खरं सांग, काय दिलं तर राहतील?"

उत्तर माझ्या जिभेवर होतं. पण ते दिलं असतं तर साहेबांनी विचारलं असतं, मग आजवर का नाही दिलेस? मी म्हणालो, "मोठं विमान द्या, साहेब. बढती द्या."

दिली. भाऊंनी हात जोडून नाकारली. "ते फार उंचावरून जातं," मला म्हणाले. "तिथून चौल कुठलं दिसायला?" वहिनींनी वाडी चुलतदिरांच्या हवाली केली आणि दोघं जायला निघाले.

बोटीवर पोचवायला मी गेलो होतो. भाऊंनी खांद्यावर हात ठेवला. "साहेबांनी तुला विचारलं होतं म्हणे. सलग सुट्टीचं तू सांगितलं असशीलच. त्यांनी ऐकलं नाही, त्याला तू काय करणार?"

वहिनी माझ्याकडे पाहत होत्या. मी म्हणालो, "हो, भाऊ."

पुढच्याच महिन्यात मी तक्ता बदलला. ज्यांची घरं खाडीपलीकडे होती त्या सगळ्यांना दोन दिवस जोडून दिले. मी आठवडाभर लोकांच्या टोमण्यांची वाट पाहिली. कोणी अवाक्षर काढलं नाही.

वर्षभराने भाऊंचं पत्र आलं. "इथे सुट्टी सलग मिळते, पण रेवसची लाँच नाही. तिच्यात बसायला भीत होतो, आता ती भीतीसुद्धा आठवते. तू माझ्यासाठी साहेबांपुढे तोंड उघडलंस, हे मी विसरणार नाही."

त्या पत्राला मी उत्तर लिहिलं नाही. अक्षर चांगलं असूनही.