घरी आलेले सदाशिवराव

सदाशिवरावांची तब्येत कशी आहे म्हणून ढाणकीजवळच्या त्या गावात कोणालाही विचारा, छातीठोकपणे सांगेल, एकदम ठणठणीत. सांगायला लोकांचं काय जातं! पाच वर्षांपूर्वी पुलावर मोटारसायकल घसरली, डोकं कठड्यावर आपटलं, नागपूरला ऑपरेशन झालं. महिन्याभराने माणूस आपल्या पायांनी घरी आला, तेव्हा बायकोने, इंदूबाईंनी, नवस फेडून गावाला जेवू घातलं. पंगतीत सगळे म्हणाले, कुंकवाचं बळ मोठं. त्यानंतर त्या बाईला रडायची सोयच राहिली नाही.

कारण घरी आलेला माणूस वेगळाच होता. पहिले सदाशिवराव गोष्टीवेल्हाळ. भाजी खारट झाली तरी बायकोची मस्करी करत दोन घास जास्त खाणारे. आताचे सदाशिवराव ताट भिरकावत. नाहीतर दिवसभर ओसरीत बसून राहत. कोणी मेलं काय नि जन्मलं काय, चेहऱ्यावरची रेष हलत नसे. डॉक्टरांनी समजावलं होतं की मेंदूला मार बसला की स्वभावही बदलतो, काहींचा कायमचा बदलतो, आणि घरच्यांनाही आधार लागतो. इंदूबाईंनी त्यातलं सोयीचं तेवढं ऐकलं, की वेळ लागेल. मग त्या वाट बघत बसल्या.

गेल्या वर्षी तर कहर झाला. हिऱ्या बैलाने पाण्याची बादली लवंडली आणि सदाशिवरावांनी त्याला रक्त निघेस्तोवर झोडपलं. ज्या माणसाने उभ्या जन्मात बैलावर तुतारी, ती हाकायची टोकदार काठी, उगारली नव्हती, त्याने! मुलगा रजतने त्यांचं गोठ्यात जाणं बंद केलं आणि पोळ्याच्या आदल्या संध्याकाळची खांदमळणीही स्वतःच केली. वर्षभर जू ओढणाऱ्या बैलांचे खांदे तूप-हळदीने चोळून त्यांना जेवणाचं आवतण द्यायचं, हा मान घरच्या कर्त्याचा. इंदूबाईंच्या ते फार जिव्हारी लागलं.

यंदा त्या हट्टालाच पेटल्या. खांदे हेच मळतील म्हणाल्या. बैलाच्या अंगाला हात लागला की जुना माणूस जागा होईल, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. रजत कुरकुरला, पण दावं धरून उभा राहिला.

सदाशिवरावांनी गरम पाण्याने खांदे शेकले, पळसाच्या पानाने तूप चोळलं, हळद लावली. कुठे काही चुकलं नाही. हिऱ्या आधी बिचकला, मग मान खाली घालून उभा राहिला. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," ते दोन्ही बैलांना म्हणाले. इंदूबाईंचा ऊर भरून आला. आला बाई माझा माणूस, असं त्यांना वाटलं आणि त्या हसत पुढे झाल्या.

"पाहा, सारं आठवते तुमाले."

सदाशिवरावांनी हात धुतले. रागावले नाहीत.

"आठवते. पन आतून काईच वाटत नाई. बैलाचं नाई, पोराचं नाई, तुह्यं बी नाई. तू ज्याची वाट पाहून राह्यली, तो आता येत नाई. तो त्या पुलावरच गेला. अन् त्याच्यासाठी अजून कोनी रडलं बी नाई."

रजतने तोंड फिरवलं. इंदूबाई गोठ्यातच खाली बसल्या आणि गेलेल्या नवऱ्यासाठी हंबरडा फोडून रडल्या, तोच नवरा समोर उभा असताना. थोड्या वेळाने सदाशिवराव त्यांच्या बाजूला येऊन बसले. ते उठून गेले नाहीत.