मास्तरांची शिलाई

आमच्या आर्णीतल्या टेलर मास्तरांची एकच फुशारकी होती. "कपडा फाटन, पण माही शिलाई उसवनार नाही!" दुकानात आलेल्या प्रत्येकाला ते हे ऐकवायचे आणि मी मनात म्हणायचे, बस झालं बापा!

कोरोनाच्या उन्हाळ्यात दवाखान्यात आम्हा नर्सबायांना अंगभर घालायचे पीपीई किट कमी पडले, तेव्हा ते काम मास्तरांकडेच गेलं. त्यांनी आम्हाला ओळीनं सरळ उभं केलं, हात खाली सोडायला लावले आणि लग्नातलं ब्लाउज शिवायचं असल्यासारखं बारीक माप घेतलं. पाणी न झिरपणाऱ्या कापडाचे ते किट अंगाला असे चापूनचोपून बसले की आम्ही एकमेकींना चिडवायचो, आता फक्त वरात काढायची राहिली. ते घालून वाकून मात्र कोणी पाहिलं नाही. त्यांना सुचलं नाही, आम्हालाही नाही.

पुढे मास्तरच आमच्या वॉर्डात भरती झाले. बरेही होत होते. एका दुपारी मी त्यांची सलाईन बदलत होते, आणि एकदम त्यांचे डोळे फिरले. नाडी लागेना. मी जोरात हाक दिली, खाटेवर गुडघा टेकवला आणि छाती दाबायला लागले.

हात सरळच होईनात! किट बगलेत असं करकचून धरत होतं की खांद्याचा जोर तळहातापर्यंत पोचतच नव्हता. चष्म्यावर वाफ, मास्कमध्ये श्वास पुरेना. मला वाटत होतं मी जीव तोडून दाबतेय. पण धावत आलेल्या मोठ्या सिस्टरला छाती खाली जाताना दिसत नव्हती. "वरवर दाबून राह्यली तू! हट, मले येऊ दे!"

असा राग आला ना! पण हटले. त्यांचेही तेच हाल झाले, लगेच धापा टाकायला लागल्या. डॉक्टर बाहेर घाईघाईनं किट चढवत होते, त्याशिवाय आत यायची सोय नव्हती. खिडकीतून लिंबाखाली मास्तरांची बायको डबा घेऊन बसलेली दिसत होती. मी पुन्हा चढले. मास्तर, तुमचीच शिलाई तुमचा जीव घेईल हो, असं म्हणत सगळं अंग झोकून दिलं, आणि टर्रकन माझी बगल उसवली.

"फाटलं ना वो तुझं!" मोठ्या सिस्टर ओरडल्या.

"फाटू द्या!"

भीती वाटली, खोटं कशाला बोलू. घरी माझी लहान मुलगी होती. पण हात मोकळा झाला होता आणि पहिल्यांदाच छाती तळव्याखाली पुरती दबली. मोठ्या सिस्टर क्षणभर बघत राहिल्या. मग त्यांनी ड्रेसिंगची कात्री उचलली आणि स्वतःची बगल कापली. मी दमले की त्या, त्या दमल्या की मी. डॉक्टर आले, शॉक दिला, आम्ही पुन्हा दाबलं. मग बोटाखाली नाडी लागली. मी मास्कच्या आत मोठ्यानं रडले.

माझा रिपोर्ट साफ येईपर्यंत मी घरच्यांपासून वेगळीच राहिले. मास्तर घरी गेले. अंगात थोडी ताकद आल्यावर त्यांनी मला दुकानात बोलावलं.

"सिस्टर, कोनती बगल उसवली?"

"उजवी."

त्यांचं तोंड उतरलं. "माही शिलाई कधी उसवत नाही जी."

"उसवली म्हणून तर बसले इथं तुम्ही!"

ते टेबलाला धरून उठले. मग त्यांनी कटाईच्या टेबलावर कापडाचं एक गाठोडं ठेवलं. "दाबा."

"काय?"

"मले दाबलं तसं दाबा. नव्या किटचं माप आता वाकल्यावरच घेतो."

मी वाकले, हात सरळ केले, दाबायला लागले. त्यांनी टेप माझ्या बगलेशी धरला. दुसरा हात स्वतःच्या छातीवर होता, बरगड्या अजून दुखत होत्या त्यांच्या.

"आनखी जोरात," ते म्हणाले. "लाजू नका. बगलेत दोन बोटं कापड जास्त सोडतो."