पाळणाघराचा दुसरा दिवस

मिरजेच्या त्या हॉस्पिटलात पाळणाघर होतं. म्हणजे दारावर पाटी होती, आत सलाईनची खोकी. पन्नास माणसं कामाला असली की पाळणाघर हवं, असा कायदा आहे. पाटी लावली की कायदा गप्प बसतो, अशी मालकांची भाबडी समजूत.

दीपमाला तिथे वॉर्डात मावशी होती. नवरा मुंबईला आणि तीन वर्षांची श्रद्धा गावी, माण तालुक्यात, सासूजवळ. महिन्यातून एकदा दीपमाला गावी जायची. निघताना पोर असा हंबरडा फोडायची, की शेवटी ती झोपल्यावरच दीपमाला एसटी गाठू लागली. आपलीच पोर आपण चोरासारखी टाकून येतो, याची तिला लाज वाटायची.

मग कामगार खात्याचे साहेब तपासणीला येणार असल्याचं कळलं. मॅनेजर सुमंत यांनी लेकुरवाळ्या बायकांना बोलावलं आणि म्हणाले, "परवा मुलांना घेऊन या." एरवी सुट्टी म्हटलं की कपाळाला आठ्या, पण दीपमालाला पोर आणायला न मागता सुट्टी मिळाली!

खोकी हलली, सतरंजी आली, खेळणी आली. मुलांजवळ एक बाई बसवली. साहेबांनी विचारलं, "मुलं रोज असतात?"

"रोज, साहेब," सुमंत म्हणाले.

"पुन्हा येईन. न कळवता," असं सांगून साहेब गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमंत दारात उभे राहून खोकी परत आत लावून घेत होते. तेवढ्यात श्रद्धाचा हात धरून दीपमाला समोर आली.

"अगं, तपासणी झाली. हिला गावी पोचव आता."

नोकरी गेली तर खायचं काय, हे दीपमालाला चांगलं ठाऊक होतं. तरी ती म्हणाली, "काल तुमीच म्हणालासा न्हवं, पोरं रोज असत्यात? आज आनली. उद्याबी आननार."

"मालक काय म्हणतील?"

"आन् साह्यब परत आलं तर? कवा येनार, ते सांगून न्हाई गेलं."

तिच्यामागे कालच्याच आणखी दोघी मुलं घेऊन येऊन थांबल्या होत्या. सुमंत वाईट नव्हते, घाबरट होते. त्यांनी तिघींकडे पाहिलं, मग खोकी उचलणाऱ्याला म्हणाले, "ठेव बाहेर. कालच्या बाईला बोलाव. मालकांशी मी बोलतो."

सकाळी दीपमाला पोरीची नजर चुकवूनच वॉर्डात गेली होती. दुपारी येऊन तिने पोरीला भरवलं. वॉर्डात परतायची वेळ झाली. आता ही पदर धरणार, रडणार. उठावं कसं, हेच तिला कळेना.

श्रद्धाने ठोकळ्यांवरून मानही वर केली नाही. "जा की," ती म्हणाली. "कामावनं आलीस की जाऊ घरला."

दीपमाला बाहेर आली आणि भिंतीला टेकून रडली.