उज्ज्वलाने लावलेला अर्थ

आर्णीजवळच्या बंजारा तांड्यावरची उज्ज्वला राठोड इंग्रजी घेऊन बी.ए. झाली, ती कापसाने सगळ्यांची दैना करून टाकलेल्या वर्षांत. तेव्हा बाहेरची माणसं गावोगाव फिरून प्रश्न विचारायची आणि त्यांना दुभाषी लागायचा. अशाच एका परदेशी बाईबरोबर ती फिरू लागली.

तिच्याच तांड्यावरच्या भुरीबाईच्या अंगणात पहिला घोटाळा झाला. भुरीबाईचा नवरा पूनमसिंग आदल्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन गेला होता. पाहुणीने विचारलं, "हाउ डू यू सर्व्हाइव्ह?" उज्ज्वलाला शब्द ठाऊक होता. सर्व्हाइव्ह म्हणजे वाचणे. तांड्यावर मोठ्या बाईला याडी, म्हणजे आईच म्हणत. तिने विचारलं, "याडी, तू कशी वाचते?"

"मले वाचता कुठं येते बाई? शाळा कुठं पाह्यली मी?"

"तसं नाही. जिवानं कशी वाचली?"

"मले काय झालतं? गेला तो!"

शेवटी तिने, "तुझं कसं चालते?" असं विचारलं, तेव्हा कुठे भुरीबाई बकऱ्यांचं, वेचणीच्या मजुरीचं बोलू लागली.

काही महिन्यांनी पाहुणीचा लेख आला. आर्णीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानात बसून उज्ज्वलाने तो वाचला. एका वाक्याशी ती अडली. 'भुरीबाई सर्व्हाइव्ह्ड हर हजबंड.' स्वतः वाचणं ठीक, पण इथे पुढे नवरा होता. नवऱ्याला वाचणं कसं असेल? वाचवणं असेल. तिने तांड्यावर येऊन सांगितलं, "याडी, लिहिलंय, तू नवऱ्याले वाचवलं."

भुरीबाईच्या हातातला चारा तसाच राहिला. फवारणीच्या त्या दिवशी तिने पूनमसिंगचे कपडे फाडून काढले होते, विहिरीवर त्याला न्हाऊ घातलं होतं, शेजाऱ्याच्या मोटरसायकलवर त्याला मधे धरून यवतमाळला नेलं होतं. दवाखान्यात त्याने डोळे उघडले, तिला नावाने हाक मारली. दुसऱ्या दिवशी गेला. दीर-जावा मात्र अजून म्हणत, उशीर हिनेच केला.

"कोणी तं लिहिलं," भुरीबाई म्हणाली आणि जावेच्या दारात जाऊन मोठ्याने सांगून आली.

उज्ज्वलाला मात्र चैन पडेना. वाचवला, तर मेला कसा? ती यवतमाळला गेली, कॉलेजात तिला इंग्रजी शिकवलेल्या नीळकंठ सरांकडे. सर हसले नाहीत. "हा शब्द फसवा आहे, उज्ज्वला. पुढे माणूस आला की अर्थ होतो, त्याच्यामागे उरणे. भुरीबाई नवऱ्याच्या मागे राहिली. एवढंच."

परतीच्या एसटीत तिचं मन दोन्हीकडे ओढ घेत होतं. सांगू नये, तर खोटं चालू राहणार. सांगावं, तर जावेसमोर ताठ झालेली मान पुन्हा खाली. आणि भुरीबाईने त्याला वाचवलं नव्हतं, हे तरी कोणी म्हणावं? एक दिवस का होईना, त्याला ओढून आणलंच होतं तिने.

तरी तिने सांगितलं.

"मंग मी मागं राह्यली, येवढंच लिहिलं?"

"हो याडी. चूक माही झाली."

"हे तं साऱ्या तांड्याले ठाऊक हाय. कागदावर कायले लिहावं लागते?"

भुरीबाई उठून बकऱ्यांकडे गेली आणि पुढे कितीतरी दिवस उज्ज्वलाशी बोलली नाही. जावेकडे जाऊन तिने खुलासा केला की नाही, हे उज्ज्वलाला कधी कळलं नाही.

वेचणीच्या दिवसांत दोघी एकाच तासाला, कपाशीच्या एकाच ओळीला लागल्या. भुरीबाईने ओटीतला कापूस सारखा केला आणि अचानक विचारलं, "बायको गेली अन् नवरा मागं राह्यला, त्याले कोणता शब्द हाय?"

"हाच."

"तोच?"

"हो, तोच."

"बरं," भुरीबाई म्हणाली आणि पुढच्या बोंडाकडे वळली. ती रागावली होती की नाही, ते उज्ज्वलाला तेव्हाही कळलं नाही.