संडासाची खुर्ची

दिवाळी झाली की आमच्या गावातली तरणीताठी माणसं ऊसतोडीला जातात. मागे म्हातारी माणसं, नातवंडं आणि प्लास्टिक उरतं. या प्लास्टिकचं काहीतरी करावं, असं मी एकदा बचत गटाच्या बैठकीत बोलून गेले. आमच्या गटात सुचवणारीच्याच गळ्यात काम पडतं. पडलं.

दुधाच्या पिशव्या, बियाण्यांच्या पिशव्या, चिवड्याची पाकिटं गोळा करायची, हापशावर धुवायची, वाळवायची. समाजमंदिरात बसून म्हाताऱ्या बायकांनी त्यांच्या पट्ट्या कापायच्या आणि म्हाताऱ्यांनी ढेऱ्यावर, म्हणजे दोर वळायच्या लाकडी फिरकीवर, त्यांना पीळ द्यायचा. सगळ्यांनी जन्मभर अंबाडीचे दोर वळलेले. अंबाडी आता भाजीपुरती उरली होती आणि ढेरे माळ्यावर पडले होते.

माझ्या सासऱ्यांना मात्र हा पोरखेळ वाटला. "ह्याला जोर न्हाई," म्हणाले आणि सिद्ध करायला म्हणून त्यांनी त्या दोराचं दावं करून म्हशीला बांधलं. म्हशीनं खुंटा उपटला, दावं तुटलं नाही. दुसऱ्या दिवशी सासरे सगळ्यांच्या आधी समाजमंदिरात हजर होते आणि बाकीच्यांना पीळ कसा द्यावा ते शिकवत होते.

मग दावी झाली, बाजा विणल्या, बसायला बस्करं झाली, काठ्यांना मुठी झाल्या. माझं लक्ष मात्र खुर्चीवर होतं. त्याचं कारण आमच्या घरचा कढीपत्ता.

कुणी पाणी घालत नसताना तो असा फोफावला होता की मला संशय आला. पाळत ठेवली, तर सासूबाई आपला पाण्याचा तांब्या हळूच त्याच्या बुंध्याशी रिकामा करत होत्या. दोन्ही गुडघे गेलेले. संडासात बसता येई, उठता येत नसे. एकदा अर्धा तास आत अडकल्या होत्या म्हणे. त्यापेक्षा पाणीच प्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. चहा तेवढा घेत. "तुज्या मामाला सांगू नगंस," मला बजावलं. मामा म्हणजे माझे सासरे; सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते.

शाळेच्या भंगारातून मी बूड गेलेली एक लोखंडी खुर्ची आणली. तिला दोराचं बूड विणायचं, मधे भोक ठेवायचं आणि ती संडासाच्या भांड्यावर ठेवायची. एवढं साधं काम. पण ते सांगायचं कसं? आमच्याकडे सून सासऱ्याशी 'जेवायला वाढलंय' आणि 'फोन आलाय' यापलीकडे फार बोलत नाही. एकोणीस वर्षं माझं तेवढ्यावर भागलं होतं.

"मामा, आत्याबाईला बसायला खुर्ची पायजे."

"कशाला?"

"बसायला."

यात खोटं काहीच नव्हतं.

त्यांनी आठ दिवस घेतले. बियाण्यांच्या पिशव्यांचा निळा दोर, दुधाच्या पिशव्यांचा पांढरा, मधोमध चार पाकळ्यांची चौफुली. वीण इतकी घट्ट की वरून पाणी ओतलं असतं तर थांबलं असतं. भोक नव्हतंच. विणकामात भोक राहणं ही त्यांच्या लेखी बेअब्रू होती.

खुर्ची ओट्यावर मांडली आणि सासूबाईंना तिच्यावर बसवलं.

"कशी हाय?"

"लय चांगली हाय," सासूबाई म्हणाल्या आणि माझ्याकडे बघितलं.

मग ती बघायला गाव आलं. सरपंचही पाच मिनिटं बसून गेले. मी रोज ती पुसत होते आणि मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालत होते. एक वाक्य बोलायचं धाडस नाही आणि निघाली गावाचं प्लास्टिक उचलायला!

होळीच्या आधी सासूबाईंना ताप भरला. लघवीला आग, उठलं की चक्कर. नवरा उसाच्या ट्रॅक्टरवर, दूर कारखान्याकडे. मी आणि मामा त्यांना एसटीनं पालमच्या दवाखान्यात घेऊन गेलो.

"पाणी किती पिता, आजी?" डॉक्टरांनी विचारलं.

सासूबाई भिंतीकडे बघत राहिल्या. मामा म्हणाले, "पिती की. तांब्याभर तर रोज पिती."

मी डॉक्टरांकडेच बघून बोलले. "पीत न्हाईत. संडासातून उठता येत न्हाई म्हणून पीत न्हाईत. खुर्ची त्याच्यासाठीच सांगितली होती."

डॉक्टरांना खुर्चीचं काही माहीत नव्हतं. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. परत येताना मामा एसटीत पुढच्या बाकावर एकटे बसले आणि गाव येईपर्यंत मागे वळले नाहीत.

सकाळी ओट्यावर खुर्ची उलटी पडलेली आणि मामा चौफुली उसवायला बसलेले. बाकीची वीण सुटू नये म्हणून एकेक दोर आधी बाजूला गाठ मारून घेत होते.

"इकडं ये," म्हणाले. "बस."

त्यांच्यासमोर मी कधी बसले नव्हते. बसले.

"किती ठिवू?"

मी पदर सावरला आणि दोन्ही हातांनी माप दाखवलं. त्यांनी माझ्या हातांमध्ये दोर धरून ते नीट मोजलं.

"आन उठताना धरायला?"

ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांनीच दोन्ही बाजूंना दोराच्या जाड मुठी बसवल्या. मुठी आवळता आवळता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "सांगायचं न्हाई का गं पोरी. मी काय परका हाय?"

मला रडू आलं. दोराचं टोक धरून मी तशीच बसून राहिले.

दुपारपर्यंत खुर्ची झाली. भोकाच्या कडेला त्यांनी निळा काठ विणला होता. तो कुणाला दिसणार होता, देव जाणे. भर दिवसा, शेजारपाजारच्यांच्या देखत त्यांनी ती स्वतः उचलून मागच्या अंगणातल्या संडासात नेऊन ठेवली. हात धुतले, माठातून तांब्या भरला आणि सासूबाईंपुढे ठेवून समोर मांडी घालून बसले.

"पी."

सासूबाईंनी आधी त्यांच्याकडे बघितलं, मग तांब्याकडे. मग तो तोंडाला लावला आणि संपेपर्यंत खाली ठेवला नाही.

पदरानं तोंड पुसून मला म्हणाल्या, "कडीपत्त्याला आता तू पाणी घालीत जा."