तिच्या कमळाचं तळं

मी चौथी शिकलेला माणूस. लिहायची सवय न्हाई, पण हे कुणाजवळ बोलवत न्हाई म्हणून लिहून राहिलो.

बायको जाऊन आता वर्ष झालं. वर्षाच्या दिवशी विहारात तिच्या फोटोपुढं आमच्याच तळ्यातलं कमळ ठेवायचं, एवढंच मनात होतं. त्याचा कंद तिनं माहेरून आणलेला. ओल्या फडक्यात गुंडाळून, मुखेडपर्यंत यष्टीत मांडीवर धरून. शेजारी तिचा धाकटा भाऊ. आई लवकर गेली, म्हणून तिनंच त्याला वाढवलेला.

कमळ उमललं की सकाळी एक तांब्यात ठेवायची. घरभर वास, ओल्या मातीत बडीशेप सांडल्यासारखा. उन्हाळ्यात पाणी उतरलं की गाळात हात घालून कांड्या काढायची, चकत्या करून तिखट-मीठ लावून तळायची. पहिली ताटली भावाला. मी म्हणायचो, "नवरा मेला का?" ती म्हणायची, "तुम्हाला कढई हाय की पुसायला!"

ती गेली अन् माझे गुडघेही गेले. तळं मेव्हण्याच्या हवाली केलं. त्यानं मासे सोडले. मी विचारलं, कमळाला काही होईल का?

"दाजी, मासा कधी कमळ खातो का? अक्कानं लावलेलं हाय, मला कळत न्हाई व्हय?"

वर्षाच्या आदल्या दिवशी काठी टेकत तळ्यावर गेलो. नुसतं पाणी. एक पान न्हाई. मासे पुरवणारा माणूस काठावर जाळं वाळवत होता. त्याला म्हणलं, रोग पडला का कमळावर?

"रोग कशाचा, काका. गवत्या मासा हाय, पाला खाणारा, कोवळा कोंबच वर येऊ देत न्हाई. कमळात जाळं अडकतंय म्हणून तुमच्या मेव्हण्यानंच मागून घेतला."

मागून घेतला. चुकून न्हाई.

दुसऱ्या दिवशी फोटोपुढं बाजारातला झेंडू ठेवला. मेव्हणा तिथं हात जोडून रडला. खरंच रडला, त्याचाच जास्त राग आला. संध्याकाळी तो डबा घेऊन दारात.

"आपल्या तळ्यातला मासा हाय, दाजी. अक्काच्या नावानं दोन घास खा."

"तिचंच खाऊन माजलाय तो. मी कसा खाऊ?"

त्याला कळलं. डबा उंबऱ्यावर ठेवला. मग म्हणला, "गाळात कंद असंल अजून. मी उतरून बघतो."

म्हणलं, असंल. पण त्या गाळात तू हात घालायचा न्हाई. अन् डबा त्याच्या हातात परत दिला.