चौथं शरण

आधीच सांगतो – माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता, आजही नाही. आम्ही बौद्ध. भूत, आत्मा, अंगात येणं... यातलं काहीच आमच्या घरात चालत नसे. त्यामुळे हे लिहिताना थोडं अवघडल्यासारखं होतंय. पण घडलं ते असं.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी जळगावच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. त्या हिवाळ्यात आई गेली. विहारात ती वंदना म्हणायची ती जात्यावरच्या गाण्याच्या चालीत, आणि त्रिशरण तीनदा म्हणून झालं की हमखास चौथ्यांदा सुरू करायची. सगळे हसायचे – "अक्का, झालं आता!" तीही हसायची, पण चौथं पूर्ण करूनच थांबायची. मला एकट्याला एकदा म्हणाली होती, "ते न आलेल्यांचं रे."

ती गेल्यावर मला ती चाल आठवेना. शब्द येत, चाल येत नसे. रोज प्रयत्न करायचो... काही नाही. आई पुन्हा एकदा जातेय असं वाटायचं. विहारात जाणंच सोडून दिलं.

पुढच्या भाद्रपदात पारोळ्याला गेलो. एक निवृत्त गुरुजी कॉलेजला पुस्तकं देणार होते. ते शेतावर गेलेले, संध्याकाळी येतील असं घरच्यांनी सांगितलं. वेळ काढायला हिंडत राहिलो. मार्केट यार्डामागच्या गल्लीत पत्र्याचा विहार दिसला – एकच खोली, दाराशी चपलांचा ढीग, आत छोटी बुद्धमूर्ती आणि शेजारी निळ्या कोटातली तसबीर. पौर्णिमा आहे हे माझ्या ध्यानातच नव्हतं. पांढऱ्या साड्या नेसून बाया बसल्या होत्या. मी दाराशीच टेकलो.

वंदना सुरू झाली... आणि माझ्या अंगावर काटा आला. आईची चाल! 'सरणं' तसंच लांबवलेलं, शेवट तसाच वर उचललेला. तीनदा झालं. आणि सगळ्या बाया, एका सुरात – चौथ्यांदा!

संपल्यावर खिरीची वाटी हातात देणाऱ्या म्हातारीला विचारलं, "अक्का, ही चाल कुठली?"

"मांगली पुनीले एक बाई उनी व्हती," ती म्हणाली. "बठ्ठासले शिकाडी गयी."

मागच्या पौर्णिमेला आली, आणि सगळ्यांना शिकवून गेली!

"दिसायला कशी होती?"

"उच्ची व्हती," एक बाई म्हणाली.

"काय उच्ची! तुनापेक्षा बुटकी व्हती. चष्मा लाव तू," दुसरी.

वाद जुंपला. साडीच्या काठावरही एकमत होईना. सगळ्यांना पटलं ते एवढंच – बाई हसरी होती, आणि खीर पुन्हा मागून घेतली होती.

"आणि चौथं कशासाठी?" मी विचारलं.

म्हातारीनं माझ्याकडे रोखून पाहिलं. "ती म्हने, जो उना नही त्यानासाठे." मग माझ्या वाटीत आणखी खीर ओतत म्हणाली, "तू तं उना ना भाऊ! मंग रडस काब्र? खाय."

मी रडत होतो, आणि हसतही होतो. इतकी गोड खीर मी त्याआधी खाल्ली नव्हती.

नंतर चौकशी केली. आई पारोळ्याला कधी गेलीच नव्हती. तिथे आमच्या नात्यातलं कुणी नाही. आमच्या विहारातलं कुणी तिकडे गेलं असेल? विचारलं, तर नाही म्हणाले. कदाचित अशीच चाल धरणारी, अशीच मोजणीत चुकणारी दुसरी एखादी बाई खानदेशात असेल. बुद्धीला तेवढंच पटतं. पण ते चौथ्याचं कारण?... मला आजही सांगता येत नाही.

त्या संध्याकाळी पुस्तकांचे गठ्ठे घेऊन एसटीत बसलो. एरंडोल जवळ आलं तरी आपण त्याच चालीत वंदना मोठ्यानं म्हणतोय हे माझ्या लक्षातच आलं नाही. शेजारच्या फेटेवाल्या आबांनी कोपरानं ढोसलं, तसा मी ओशाळून गप्प झालो.

"थांबनात काब्र?" ते म्हणाले. "म्हना. मनं गाव येवाले अजून येळ शे."